दिव्यांग विद्यार्थ्यांची शैक्षणिक साधने : निवड, वापर आणि निगा

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील आणि घाटाखालील असे दोन भाग पडतात. उत्तरेस संग्रामपूर व जळगाव जामोद हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याला भिडलेले, तर दक्षिणेस लोणार आणि सिंदखेडराजा. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ असून तिचा फार मोठा भाग खेड्यांत राहतो. दृष्टिहीन किंवा कर्णबधिर मुलाला शिकवायचे तर त्याला शहरातील निवासी शाळेत पाठवावे, हीच एके काळी रूढ वाट होती. ज्या कुटुंबाला ते शक्य नसे, त्या घरातील मूल शिक्षणावाचून राही. मुलींच्या वाट्याला तर हे अधिकच येत असे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास नजीकच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. अशा विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारीही त्यात आहे. येथे ‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधन मिळाले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. ते मुलाच्या गरजेला जुळले पाहिजे, शिक्षकाला उमगले पाहिजे आणि बिघडल्यास दुरुस्त झाले पाहिजे.

स्पर्शाची लिपी

दृष्टिहीनांच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातील आरंभ जुना आहे. मुंबईत १९०० साली अंध मुलांसाठी शाळा सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी स्वीकारण्यात आली. सहा ठिपक्यांच्या या लिपीत ‘क’ हे अक्षर पहिल्या व तिसऱ्या ठिपक्याने लिहिले जाते. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ व नंतर ‘इ’ असा उच्चाराचाच क्रम असतो. एवढे जरी वर्गशिक्षकाने समजून घेतले, तरी विद्यार्थ्याच्या लेखनातील चूक आणि लिपीची रीत यांतील फरक त्याला कळू शकेल.

ब्रेल पाटीवर लेखणीने उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते. कागद उलटल्यावर उठावाचे ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. गणितासाठी ‘टेलर फ्रेम’ नावाची अष्टकोनी छिद्रांची पाटी वापरतात. छिद्रात बसविलेला खिळा आठ दिशांना वळविता येतो आणि त्याची दोन्ही टोके निराळी असल्यामुळे एकूण १६ चिन्हे मिळतात. ही साधने साधी आहेत आणि त्यांना विजेची गरज नाही. म्हणूनच संगणकाच्या काळातही त्यांचे महत्त्व उणावलेले नाही. नुसते ऐकून शिकणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे बोटांनी वाचल्यावाचून पक्की होत नाहीत.

बोलणारे पुस्तक

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या संगणक प्रणालीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ‘एनव्हीडीए’ ही त्यांपैकी एक प्रणाली विनामूल्य असून मराठीही वाचते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत ‘टॉकबॅक’ ही सोय असते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या वाचकांना सुलभ स्वरूपातील पुस्तके मिळतात. अशा वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत तयार करण्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार कायद्याने मुभा दिली आहे.

तथापि मराठीची एक खास अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात. परिणामी स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक आवाज काढतो. पान छायाचित्राच्या रूपात असेल, तर तो काहीच वाचत नाही. याची परीक्षा सोपी आहे. फाइलमधील एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी. मराठी अक्षरे जशीच्या तशी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. चाचणी-प्रश्नपत्रिका, स्वाध्याय व सूचना युनिकोडमध्ये टंकलिखित करण्याचा नियम शाळेने पाळला, तर एक पैसाही खर्च न होता दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्या इतरांबरोबरच वाचता येतील.

अक्षरे ओळखू येतात, पण वाचन जमत नाही

काही मुलांची दृष्टी, श्रवण व बुद्धी ठीक असते. तरीही ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्यांचा गोंधळ होतो, ओळ सुटते, लेखन अपुरे राहते. ही विशिष्ट अध्ययन अक्षमता होय. २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश आहे. अशा मुलाला आळशी वा मंद ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. इंग्रजी चाचणीवरून मराठी माध्यमाच्या मुलाची पारख करणेही योग्य नव्हे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ साली उपलब्ध झाला. हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर तो मराठीतही आहे.

या मुलांना ओळीखाली धरण्याची पट्टी, दोन ओळींत मोकळी जागा सोडलेला मोठा मजकूर आणि वाचला जाणारा शब्द ठळक करून दाखविणारी वाचन प्रणाली यांचा उपयोग होतो. परीक्षेतील वाढीव वेळ वा लेखनिक यांचा सरावही वर्षभर वर्गात व्हावा. ऐन मार्चमध्ये प्रथमच लेखनिकासमोर बसलेल्या मुलाला उत्तर कसे सांगावे, हेच उमगत नाही.

श्रवणयंत्र आणि वर्गातील अंतर

श्रवणयंत्र कानामागे लावले म्हणजे मूल सर्व ऐकू लागते, हा समज चुकीचा आहे. यंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंख्याचा आणि बाकांचाही आवाज वाढविते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून अशा मुलास पुढील बाकावर बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळावे. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो. त्यामुळे कानातील साचा वेळोवेळी बदलावा लागतो, अन्यथा यंत्र शिटी घालू लागते. जस्त-वायू बॅटरीवरील पट्टी एकदा काढली की यंत्र बंद असले तरी बॅटरी उतरत जाते. पावसाळ्यात रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. या लहानसहान गोष्टी न सांगितल्यामुळे महागडे यंत्र कपाटात पडून राहते.

ज्यांना यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा हीच शिक्षणाची खरी भाषा होय.

शाळेची पायरी

चाकाची खुर्ची मुलाच्या मापाची असावी. मोठ्या माणसाच्या खुर्चीत मूल तिरके बसते व लवकर थकते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे ५० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यासाठी ६ मीटर लांबीचा उतार हवा. घाईने बांधलेल्या आखूड उतारावरून खुर्ची एकट्याने चढविता येत नाही. स्वच्छतागृहापर्यंतची वाटही याच दृष्टीने तपासावी.

कोणी काय करावे

कानपूरचे कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ, म्हणजे ‘अलिम्को’, १९७२ साली स्थापन झाले. समग्र शिक्षा योजनेत मोजमाप शिबिरे भरवून साधने दिली जातात. जिल्हा सामान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र वेळेत काढून ठेवणे पालकांच्या हिताचे आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. बॅटऱ्या, साचे आणि दुरुस्ती यांसारख्या छोट्या गरजांचा विचार तेथे अवश्य व्हावा.

प्रत्येक मुख्याध्यापकाने एक साधी नोंदवही ठेवावी. कोणत्या विद्यार्थ्याला कोणते साधन केव्हा मिळाले, ते आज वापरात आहे काय, नसल्यास का नाही, या गोष्टी तीत दर तिमाहीस लिहाव्यात आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना दाखवाव्यात. वाटपाचा आकडा एका दिवसात जमतो. वापराचा आकडा जमण्यास वर्ष लागते, आणि मूल शाळेत टिकते ते या दुसऱ्या आकड्यामुळेच. संग्रामपूरच्या पायथ्यावरील वस्तीतील मुलीला आपल्या गावच्या शाळेत, आपल्या भावंडांसोबत शिकता यावे, यासाठी शिक्षक, पालक व ग्रामपंचायत या तिघांनी ही जबाबदारी वाटून घेणे अगत्याचे आहे.