‘सगळं सुरळीत झालं की बघू’

“डॉक्टर, हे सगळं पूर्वीसारखं कधी होणार?”

कोविडच्या साथीच्या पहिल्या दीड वर्षात हा प्रश्न ज्याने विचारला नाही असा पेशंट मला आठवत नाही. वालीवच्या कारखान्यातला तरुण विचारतो, आगाशीचे निवृत्त गुरुजी विचारतात, मनवेलपाड्याच्या चाळीतली दोन मुलांची आई विचारते. ताप-खोकला सांगून होतो, औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि दाराशी पोहोचल्यावर पाऊल थबकतं. मग हा प्रश्न येतो.

ऑगस्ट २०२१मध्ये त्या प्रश्नाला एक तारीख मिळाली. ज्यांचे लसीचे दोन डोस झाले आहेत आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटले आहेत, त्यांना १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलने प्रवास करता येईल, असं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ८ ऑगस्टला जाहीर केलं. वसई-विरारसाठी ही बातमी केवढी मोठी होती, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आपल्याकडची फुलं दादरला जातात ती याच गाडीने, भाजीच्या टोपल्या बोरिवली-अंधेरीला पोहोचतात त्या याच गाडीने. हजारो घरांची चूल पहाटेच्या विरार लोकलवर पेटते. मला मनापासून आनंद झाला. तरीही आज या सदरात मी थोडं सावधपणे बोलणार आहे, कारण एका तारखेची वाट पाहता पाहता माझ्या किती पेशंटांचं किती नुकसान झालं, ते मी पाहिलं आहे.

‘कधी’चं खरं उत्तर

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. साथ अमुक दिवशी संपेल असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, कारण साथी तशा संपतच नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो हिवाळ्याच्या सुमारास परतत राहिला. जून १९१८मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. पहिली लाट सौम्य होती, जुलैपर्यंत ती ओसरली. सप्टेंबरमध्ये तोच आजार उग्र होऊन परतला आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसं दगावली. पुढे ती साथही विरली. पण ती अमुक दिवशी गेली असं कुणाला सांगता आलं नाही.

आपणही हे अनुभवलं आहे. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूनंतर लोकल थांबली. १५ जूनला ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये महिलांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २०२१ला ठरावीक वेळांत सर्वांसाठी दारं उघडली. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात पेढे आले होते. अडीच महिन्यांत दुसरी लाट आली, दारं पुन्हा मिटली आणि तीच माणसं खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी, इंजेक्शनसाठी रात्री-अपरात्री फोन करत होती.

मग आशा कशाच्या बळावर ठेवायची? विषाणू बहुधा आपल्यात राहील. लसीमुळे आणि होऊन गेलेल्या आजारामुळे आपल्या शरीरांना त्याची ओळख होत जाईल, तसतशी त्याची जीव घेण्याची ताकद कमी होईल. हा बदल हळूहळू होतो, घराघरात वेगवेगळ्या वेगाने होतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की साथीच्या शेवटाची वाट जरूर पाहा, पण तब्येतीचं कोणतंही काम त्या शेवटावर टांगून ठेवू नका.

एका वाक्याने केलेलं नुकसान

“सगळं सुरळीत झालं की बघू.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते ऐकलं की मला धडकी भरते.

भुईगावकडच्या एक मावशी आहेत. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वाडीतली भाजी आणि केळी घेऊन रोज पहाटेच्या गाडीने बोरिवलीला जायच्या. बारा वर्षांचा मधुमेह, पण दर तीन महिन्यांनी न चुकता तपासणीला यायच्या. गाडी बंद झाली तशी विक्री बंद झाली. पैसे पुरावेत म्हणून त्यांनी गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. “गाडी सुरू झाली, चार पैसे हातात आले, की डॉक्टरांकडे जाईन,” असं त्या घरी म्हणत राहिल्या.

जुलै २०२१मध्ये मुलगा त्यांना घेऊन आला. पायाच्या अंगठ्याला जखम होती. मधुमेहामुळे पावलातल्या नसांची जाणीव गेलेली, त्यामुळे चप्पल लागलेली त्यांना कळलीच नव्हती. जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला.

त्यांचा नंबर माझ्या वहीत होता. वर्षभर त्या आल्या नाहीत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं आणि मी फोन करायला हवा होता. मी केला नाही, याची मला खंत आहे. मावशींचे लसीचे दोन्ही डोस झाले होते, म्हणजे त्यांना लोकलचा पास मिळणार होता. पण ज्या गाडीची त्यांनी इतकी वाट पाहिली, ती १५ ऑगस्टला सुटली तेव्हा त्या तिच्यात नव्हत्या.

लांबणीवर टाकू नयेत अशा गोष्टी

मधुमेह आणि रक्तदाब. गोळी सोडू नका, अर्धी करू नका. पैशांची अडचण असेल तर लाजू नका, तोंडाने सांगा. स्वस्त जेनेरिक पर्याय असतात आणि सरकारी दवाखान्यात बऱ्याच गोळ्या मोफत मिळतात. तीन महिन्यांची सरासरी साखर शेवटची कधी तपासली ते आठवा. कोविडमध्ये ज्यांना स्टेरॉइड द्यावं लागलं त्यांनी साखर नक्की तपासावी, पूर्वी मधुमेह नसला तरीही. आणि मधुमेह असेल तर रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसकट उजेडात पाहा. स्वतःला वाकून दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा.

दोन आठवड्यांच्या वरचा खोकला. कोविडची चाचणी निगेटिव्ह आली की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि खोकल्याला विसरतात. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी कणकण वाटत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकीची तपासणी करा. दाटीच्या वस्तीत क्षयरोग कोविडच्या आधीही होता, आजही आहे. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी सरकारी मदत खात्यात जमा होते. औषधं किमान सहा महिने घ्यावी लागतात, मध्येच सोडली तर रोग औषधाला दाद देईनासा होतो.

बाळाच्या लसी. साथीच्या काळात गावी अडकल्यामुळे किंवा भीतीमुळे अनेक बाळांच्या लसी राहिल्या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. खंड पडला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे जाता येतं. लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तरी बाळाला घेऊन या.

गरोदरपणातल्या तपासण्या. बाळंतपण कोणत्याही साथीसाठी थांबत नाही. बाळातले दोष पाहण्याची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत करायची असते, ती वेळ निघून गेली की परत येत नाही. जुलै २०२१पासून गरोदर महिलांनाही कोविडची लस घेता येऊ लागली. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

गाठ, रक्तस्राव, चट्टा. स्तनात लागलेली गाठ, पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेलं रक्त, तोंडातला न भरणारा चट्टा यांसाठी उद्याची वाट पाहू नका. मोतीबिंदू थोडा थांबू शकतो. या तीन गोष्टी थांबत नाहीत.

कोविड होऊन गेलेल्यांसाठी

“रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण मी पूर्वीसारखा नाही,” हे मला तेव्हा रोज ऐकू यायचं. जिना चढताना धाप लागते, नावं आठवत नाहीत, केस गळतात, झोप लागत नाही. हा तुमचा आळस नाही. घरच्यांनीही ‘आता बरा झालास ना, मग ऊठ’ असं म्हणू नये. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं, काहींना महिने लागतात.

कामाचे तुकडे करा. दमल्यावर बसण्याऐवजी दमण्याआधी बसा. या आठवड्यात घरापासून कोपऱ्यापर्यंत चाललात तर पुढच्या आठवड्यात थोडं पुढे जा. एखाद्या दिवशी उत्साहाच्या भरात जास्त केलं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले, तर तेवढं काम सध्या झेपत नाही असं समजा.

मात्र बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, एका पायाला सूज, चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणं किंवा सूज, नाकातून काळपट स्राव, डोळा दुखणं किंवा दुहेरी दिसणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहून गेलेला शोक

एप्रिल २०२१मध्ये आपल्या भागात अनेक घरांतून माणसं रुग्णवाहिकेत बसून गेली आणि परत आली नाहीत. खांदा देता आला नाही, चेहरा पाहता आला नाही. कुणाचं दहावं-बारावं झालं नाही, कुणाच्या घरची अंत्यविधीची मिस्सा चार माणसांत आटोपली. त्या घरांत अजून कुणी मोकळेपणाने रडलेलं नाही. तिथलं एखादं माणूस माझ्याकडे डोकेदुखी घेऊन येतं, कुणी पित्त घेऊन येतं, कुणी छातीतली धडधड घेऊन येतं. तपासण्या साऱ्या बरोबर निघतात.

शोकाचं कामही पुढे ढकलू नका. थोडीच माणसं, मोकळी जागा, उघड्या खिडक्या, तोंडावर मास्क, एवढं पाळून एकत्र बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्या गोष्टी सांगा, प्रार्थना करा. मुलांनाही बसवा, त्यांच्यापासून लपवू नका.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जेवण जात नसेल, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नको असा विचार मनात आला, तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात या. 

गाडीत बसताना

दोन डोस घेतलेल्यालाही संसर्ग होऊ शकतो आणि त्याच्याकडून घरात येऊ शकतो. लसीने गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका पुष्कळ कमी होतो, म्हणून ती घ्यायचीच. पण विरारच्या गाडीतली गर्दी आपण जाणतो. मास्क नाकावर घट्ट बसणारा हवा. शक्य असेल तर एन-९५, नाहीतर सर्जिकल मास्कवर कापडी मास्क. खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस आत आला तरी एखादी फट राहू द्या. डब्यात खाणं आणि फोनवर मोठ्याने बोलणं टाळा. अंगात कणकण असेल त्या दिवशी कामावर जाऊ नका. एका दिवसाचा खाडा परवडत नाही हे मला माहीत आहे, पण शेजारच्या बाकावर बसलेल्याच्या घरी कोण आजारी आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

घरी आल्यावर हात साबणाने धुवा. भाजी साबणाने धुऊ नका, तिला साधं पाणी पुरेसं आहे.

ऑगस्ट २०२१मध्ये ज्यांचा एकच डोस झाला होता त्यांना गाडीसाठी अजून थांबावं लागलं. कोव्हिशिल्ड लसीच्या दोन डोसांमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे जुलैमध्ये पहिला डोस मिळालेल्याची दुसऱ्या डोसची पाळी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये येणार होती. यात बरीचशी तरुण, रोजंदारीवरची मुलं होती. त्यांच्या घरात अस्वस्थता होती. नोकरी देणाऱ्यांनी त्यांना समजून घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती होती.

आज एवढं करा

घरातल्या प्रत्येक माणसापुढे ‘सगळं सुरळीत झालं की बघू’ म्हणून ठेवलेली एक गोष्ट लिहा. आजोबांचा बीपी, बाळाची राहिलेली लस, तुमचा स्वतःचा तो खोकला. प्रत्येकीपुढे एक वार लिहा, याच किंवा पुढच्या आठवड्यातला. माझ्या सहव्यवसायी डॉक्टरांनाही सांगतो, जुन्या वह्या काढा आणि जे वर्षभर आले नाहीत त्यांना फोन करा. मी या सोमवारपासून रोज दहा फोन करतो आहे.

त्या ऑगस्टमध्ये मावशी ड्रेसिंगला आल्या होत्या. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, “डॉक्टर, मी गाडीला कधी जाणार?”

मी म्हणालो, “जखम लाल आहे, स्वच्छ आहे, भरते आहे. मंगळवारी या.”