बोधिवृक्षाचे वय किती?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो रास्त आहे. "वडाला दोरा गुंडाळणे आपण सोडले. पिंपळावर मुंजा असतो ही भीती टाकली. मग विहारापुढच्या पिंपळाला हात जोडायचे ते कशासाठी? झाड ते झाडच ना?" दिव्यात एका चाळीत दहा गावांची माणसे शेजारी राहतात. तेथे हा प्रश्न शेजारी विचारतात आणि घरातली शिकणारी मुलेही विचारतात. मुलांना "तशी रीत आहे" एवढे सांगून भागणार नाही. रीत म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. म्हणून या पाठात आपण बोधिवृक्षाचा इतिहास आणि झाडाच्या आयुष्याचे शास्त्र ही दोन्ही पाहू. उत्तर त्यातूनच मिळेल.

कोणता वृक्ष किती जुना?

बोधगयेहून परत आलेले कित्येक उपासक सांगतात, "अडीच हजार वर्षांचे झाड पाहून आलो." हे बरोबर नाही. ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमांना संबोधी प्राप्त झाली, तो वृक्ष केव्हाच गेला. त्याच्या जागी उभे राहिलेले वृक्षही गेले. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू ह्युएनत्संग लिहून ठेवतो की, गौड देशाच्या शशांक राजाने बोधिवृक्ष तोडून त्याची मुळे खणून जाळली आणि पुढे मगधाच्या पूर्णवर्म्याने तो पुन्हा वाढवला. १८७६ साली वादळात तेथला जीर्ण वृक्ष कोसळला. १८८१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम या पुराणवस्तू संशोधकाने त्याच ठिकाणी नवे रोप लावले. आज बोधगयेत आपण पाहतो तो वृक्ष हा होय.

पण मूळ वृक्षाची एक शाखा त्याआधीच समुद्रापार गेली होती. सम्राट अशोकाची कन्या, भिक्षुणी संघमित्रा, ती घेऊन श्रीलंकेला गेली. देवानंपिय तिस्स राजाने अनुराधपूर येथे ती लावली. श्रीलंकेची परंपरा हे वर्ष इ.स.पू. २८८ धरते. अशोकाच्या राज्यकालाचा आजचा हिशेब धरला, तर ते इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याजवळ येते. कसेही मोजले तरी बावीसशे वर्षे होतात. तो वृक्ष आजही जिवंत आहे. उंच चौथऱ्यावर, फांद्यांना टेकू देऊन, कुंपण घालून त्याला जपले आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ नोंदलेल्या जिवंत झाडांत तो सर्वांत जुना मानला जातो.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. दिवा स्टेशनातून वसईची गाडी धरा. वसई रोडच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या आठव्या लेखात अशोक सांगतो की, राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला, जाऊन आला. ज्या राजाच्या कन्येने शाखा लंकेला नेली, त्याची बोधगयेची यात्रा सोपाऱ्याच्या दगडावर कोरली गेली होती. आणि त्या अनुराधपूरच्या वृक्षापासून भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेला बोधिवृक्ष आज नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभा आहे.

झाड जुने म्हणजे काय?

आता शास्त्राकडे वळू. मोठ्या झाडाचे सगळे खोड जिवंत असते असे आपण समजतो. वस्तुतः आतला गाभा मृत असतो. तो झाडाला उभे धरतो, इतकेच. वाढ होते ती साल आणि लाकूड यांच्यामधल्या एका पातळ थरात. हा थर दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. म्हणून बावीसशे वर्षांच्या झाडाचे पान याच वर्षीचे असते आणि त्याचे जिवंत लाकूडही अलीकडचेच असते.

सागवानासारख्या झाडांत वर्षाचे एक वर्तुळ खोडात उमटते. चांगला पाऊस झाला की रुंद, दुष्काळात अरुंद. ठाणे जिल्ह्यातील सागांच्या अशा वर्तुळांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला आहे. केरळातील सागांवरून तर इ.स. १४८१ पर्यंत मागे जाता आले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरातील एका जातीच्या पाइन वृक्षाचे वय याच रीतीने ४८०० वर्षांहून अधिक निघाले. त्याच जातीचे नेवाडा राज्यातील एक झाड १९६४ साली संशोधनासाठी तोडले, तेव्हा ४८६२ वर्तुळे मोजली गेली. वय कळले, पण झाड गेले.

वड आपल्या मार्गाने टिकतो. साताऱ्याजवळ वैराटगडाच्या पायथ्याला म्हसवे येथे असलेल्या वडाचा घेर १८८२ साली १५८७ फूट भरला होता. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रचंड वडाचे मूळ खोड बुरशीने किडले, म्हणून १९२५ साली कापून काढावे लागले. झाड मेले नाही. पारंब्यांची खोडे झाली होती, त्यांनी ते पेलले. मग त्या झाडाचा 'आत्मा' कोणत्या खोडात होता? शोधू गेलात तर सापडणार नाही. क्षणोक्षणी बदलणारा एक प्रवाह आहे, आणि तो अखंड चालू आहे. अनित्य आणि अनात्म हे शब्द ग्रंथात कठीण वाटतात. दारच्या वडाकडे पाहिले तर ते मुलालाही समजतात.

पूजा आणि वंदन

भयाने व्याकूळ झालेली माणसे डोंगर, वने आणि वृक्ष यांना शरण जातात. पण ते शरण सुरक्षित नव्हे, असे धम्मपदात तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. बोधिवृक्षही याला अपवाद नाही. १४ मे १९८५ रोजी अनुराधपूरच्या हत्याकांडात या वृक्षाच्या आवारात वंदनेला आलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात भिक्षू होते, उपासिका होत्या. वृक्षाने त्यांना वाचवले नाही. तो वाचवू शकत नाही. आपले रक्षण शील करते, विवेक करतो आणि संघटित माणसे करतात.

मग वंदन कशाचे? ज्या वस्तूंचा तथागतांनी उपयोग केला, त्यांना बौद्ध परंपरा 'पारिभोगिक चैत्य' म्हणते. त्या पाहून त्यांची आठवण व्हावी, एवढाच अर्थ. श्रावस्तीत तथागत चारिकेला गेलेले असताना लोकांना त्यांच्या आठवणीसाठी काही हवे होते, म्हणून आनंदांनी जेतवनाच्या दाराशी बोधिवृक्ष लावून घेतला, असे जातकात सांगितले आहे.

कसोटी सोपी आहे. हात जोडताना मनात भीती असेल किंवा काही मागणे असेल, तर ती जुनीच पूजा. फक्त देव बदलला. मनात आठवण, कृतज्ञता आणि शील पाळण्याचा निश्चय असेल, तर ते वंदन.

आपल्या दारचा पिंपळ

संघमित्रेने शाखा आणली, पण बावीसशे वर्षे ती जगवली माणसांनी. एका पिढीनेही हयगय केली असती, तर वृक्ष राहिला नसता. आपल्याकडून काय व्हावे?

खोडाभोवती माती मोकळी ठेवा; सिमेंटचा कट्टा बुंध्याला भिडवू नका. फलकासाठी खिळे ठोकू नका. सालीला लागून मेणबत्ती लावू नका, कारण जळते ती सालीखालची जिवंत वाढ. भिंतीत पिंपळ उगवला, तर तो लहान असतानाच काढून मोकळ्या जमिनीत लावा. मुंज्याच्या भीतीने झाड राखू नका आणि मुंज्याच्या भीतीने तोडूही नका.

आणि लिहून ठेवा. २०२१ साली महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण मिळाले. पण झाड पन्नास वर्षांचे आहे हे सांगणार कोण? वड-पिंपळात सागासारखी स्पष्ट वर्तुळे मिळत नाहीत. अनुराधपूरच्या वृक्षाचे वय आपल्याला माहीत आहे, कारण भिक्षूंनी ते नोंदवले. आपल्या आजी-आजोबांचे जन्मसाल आपल्यापैकी कित्येकांना माहीत नाही, कारण ते कोणी लिहिले नाही आणि त्यांना लिहू दिले गेले नाही. आता लेखणी आपल्या हाती आहे.

घरी चर्चेसाठी

१. बोधगयेचा आणि अनुराधपूरचा वृक्ष यांत काय फरक आहे?
२. मूळ खोड गेल्यावरही वड जिवंत राहतो, यावरून अनात्म कसे समजते?
३. पूजा आणि वंदन यांतील फरक शेजाऱ्याला तुम्ही कसा सांगाल?
४. आपल्या वस्तीतील सर्वांत जुने झाड कोणते? वडीलधाऱ्यांना विचारून ते कोणी, कोणत्या साली लावले ते वहीत लिहा. छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर मोजा आणि दरवर्षी १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, नवी नोंद करा. ती वही मुलांच्या हाती द्या.