पाण्यातील पाऊल

डोंगरातून उतरणाऱ्या थंड व नितळ ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो. हा मासा मूळचा परदेशातील. भारतात तो काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी अशा थंड प्रदेशांतील ओढ्यांत मुद्दाम आणून सोडण्यात आला. स्वभावाने तो अत्यंत सावध असतो. प्रवाहाकडे तोंड करून तो एका जागी स्थिर राहतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. त्याला गळाने धरू पाहणारा मनुष्य पुष्कळदा गुडघाभर पाण्यात उतरतो. माशाच्या मागच्या बाजूने जावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, हे त्याला ठाऊक असते. परंतु त्याच्या पायाखालचा एखादा धोंडा कलंडतो, आणि गळ पाण्यात पडण्यापूर्वीच मासा दिसेनासा होतो. माशाने मनुष्याला पाहिलेले नसते. मग त्याला चाहूल लागली कशी?

माशांना ऐकू येते किंवा नाही, याविषयी पूर्वी मोठा मतभेद होता. इंग्लंडमधील आल्फ्रेड रोनाल्ड्स याने या प्रश्नाचा छडा लावण्याचे ठरविले. स्टॅफर्डशायर परगण्यातील ब्लाइद नदीच्या काठी त्याने पाण्यावर झुकलेली एक लहानशी झोपडी बांधली आणि तीत लपून तो ट्राउट माशांचे निरीक्षण करू लागला. एकदा मासा पृष्ठभागाजवळ स्थिर असताना त्याच्या मित्राने झोपडीमागून दुनळी बंदुकीचा बार काढला. बंदुकीचा उजेड माशाला दिसणार नाही, अशी खबरदारी घेतलेली होती. मासा जागचा हलला नाही. दुसरा बार काढला, तरीही तो तसाच निश्चल! हा वृत्तान्त रोनाल्ड्सने 1836 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिला आहे.

बंदुकीच्या आवाजाने न हलणारा मासा दगडाच्या घासण्याने का पळावा? याचे उत्तर हवा आणि पाणी यांच्या सीमेवर सापडते. हवेतून आलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला, की त्याचा बहुतेक भाग परत फिरतो. त्यातील ऊर्जेच्या हजार भागांपैकी सुमारे एकच भाग पाण्यात शिरतो. याउलट, तळाशी घासलेल्या दगडाचा आवाज पाण्यातच जन्म पावतो. त्याला कोणतीही सीमा ओलांडावी लागत नाही. शिवाय हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो, तर पाण्यात तो सुमारे 1480 मीटर असतो. त्यामुळे पाऊल घसरताच त्याची वार्ता क्षणार्धात माशापर्यंत पोचते.

ही वार्ता ग्रहण करण्याची माशाची साधनेही विलक्षण आहेत. माशाला बाह्य कान नसतात, परंतु डोक्याच्या आत कान असतात व त्यांत चुन्याचे लहान खडे असतात. ध्वनीच्या लहरीबरोबर माशाचे शरीर पाण्यासारखेच कंप पावते; खडे जड असल्यामुळे किंचित मागे राहतात. त्यांच्याखालील सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला सूचना मिळते. याखेरीज माशाच्या दोन्ही अंगांवर पार्श्वरेखा नावाची संवेदनशील रेषा असते. जवळच्या पाण्याची हालचाल तिच्यामुळे त्याला जाणवते.

पुढे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने एका आंधळ्या मार्जारमीनाला शीळ घालून खाऊ घालण्यास आरंभ केला. काही दिवसांनी नुसती शीळ ऐकताच तो मासा आपल्या नळीतून बाहेर येऊ लागला. हा प्रयोग 1923 साली प्रसिद्ध झाला. हवेतून आलेला क्षीण ध्वनीही या माशाला कळला, कारण त्याच्या जातीत शरीरातील हवेची पिशवी व कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. ट्राउटला ती नसते. आपल्या नद्यांतील रोहू, कटला आणि महासीर यांना मात्र ती असते. म्हणून त्यांचे कान ट्राउटपेक्षाही तिखट होत.

हे जाणणारा मनुष्य पाण्यात घाई करीत नाही. तो पाऊल टेकवतो, दगड डळमळत नाही याची खात्री करून घेतो आणि मगच अंगाचा भार त्यावर टाकतो. लोखंडी टोकाची काठी तो दगडांवर आपटीत नाही. संथ डोहात तो शक्यतो उतरतच नाही, कारण तेथे चालणाऱ्याच्या पायांनी उठलेली लाट दूरवर जाते. प्रवाह खळाळत असेल तेथून तो पुढे सरकतो. तेथे पाण्याचाच आवाज त्याची चाहूल झाकतो. काठावरूनही तो हलकेच चालतो, कारण जड पावलांचा हादरा जमिनीतून पाण्यात उतरतो. चुकून पाय घसरलाच, तर तो उभ्या जागी थांबतो आणि ओढा पुन्हा शांत होण्याची वाट पाहतो.

रोनाल्ड्सने जे पाहिले ते खरेच होते. परंतु तेवढ्यावरून मासे बहिरे आहेत, असे कोणी ठरविले असते, तर ती चूक झाली असती. बंदुकीचा आवाज मोठा होता, पण तो बहुतांशी हवेतच राहिला. पावलाचा आवाज लहान होता, पण तो पाण्यात होता. एखाद्याला बहिरा म्हणण्यापूर्वी आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.