आधी रस्ता, मग भूखंड

वडोदऱ्याच्या वेशीवरील शेतजमीन वारसांच्या वाटण्यांमुळे अनेकदा लांबट, अरुंद पट्ट्यांत विभागलेली आढळते. ज्याने त्याने आपापल्या पट्ट्यात घरे बांधली, की मागच्या भूखंडास वाटच उरत नाही. यावर १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने योजनेचा मार्ग दाखविला. गुजरातेत ती १९७६ च्या अधिनियमान्वये राबविली जाते. योजनेत सर्व मूळ खंड नकाशावर एकत्र धरून प्रथम रस्ते, उद्यान व शाळेची जागा आखतात. उरलेल्या जमिनीतून प्रत्येकास नियमित आकाराचा अंतिम खंड देण्यात येतो. क्षेत्र घटते, व ते शेतकऱ्यास सहजी रुचत नाही, हे स्वाभाविकच. परंतु रस्त्यालगतचा चौकोनी खंड बांधकामास उपयोगी पडतो. मसुदा प्रसिद्ध होताच खातेदाराने आपले क्षेत्र पडताळून पाहावे आणि हरकत असल्यास एका महिन्याच्या आत लेखी कळवावी.