बार भरल्याशिवाय डोकं चालत नाही, असं वाटतं तेव्हा

तंबाखू सोडायला निघालेल्या माणसाला सगळे कर्करोगाची भीती घालतात. ती भीती खरीच आहे. पण पुष्कळांना तंबाखूला बांधून ठेवणारी भीती वेगळी असते. बार भरला नाही तर काम होणार नाही, डोकं चालणार नाही, घरात कुणाशी धड बोलता येणार नाही, अशी ती असते. मी याच भीतीबद्दल लिहितो आहे, कारण ती येते कुठून हे समजल्यावरच माझी तंबाखू सुटली.

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो, कायम रात्रपाळीला. पान छपाईला सोडायच्या घाईत ऱ्हस्व-दीर्घ, चुकलेले आकडे, अदलाबदल झालेली नावं पकडायची. डबीतली चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, बोटाच्या टोकाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायची आणि खालच्या ओठाआड सरकवायची. थोड्या वेळात ओळी स्वच्छ दिसू लागत, मन पानावर टिके. हा भास नव्हता. तंबाखूचं व्यसन नसलेल्या लोकांवर केलेल्या प्रयोगांतही निकोटिनने लक्ष आणि सावधपणा थोडा सुधारलेला दिसला आहे. म्हणून ‘तंबाखूने काही होत नाही, मनाचे खेळ आहेत’ असं सांगणाऱ्यावर तंबाखू खाणारा विश्वास ठेवत नाही. त्याला आधी खरं ते सांगायला हवं.

आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन आहे. मेंदूच्या तळाकडच्या भागातून निघालेले मज्जातंतू ते मेंदूच्या बाह्य थरात सोडतात. समोरच्या शंभर गोष्टींतून एकीवर लक्ष रोखायचं असेल तर त्याची गरज लागते. ते पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते स्वीकारणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, पेशी उत्तेजित होते, आणि लगेच एक विकर त्या रसायनाचे तुकडे करतं. सगळा व्यवहार सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात आटोपतो. या रिसेप्टरांपैकी एका गटाला निकोटिनही चिकटतं. त्या गटाचं नावच निकोटिनवरून पडलं आहे. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ साली कोंबडीच्या स्नायूंवर निकोटिन वापरूनच असा निष्कर्ष काढला की पेशीवर औषध स्वीकारणारा काही पदार्थ असला पाहिजे. रिसेप्टर ही कल्पना रुजण्यात तंबाखूच्या पानातल्या द्रव्याचा असा मोठा वाटा आहे.

फरक इतकाच, की ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणाऱ्या विकराला निकोटिन तोडता येत नाही. ते यकृतात हळूहळू नष्ट होतं. रक्तातली त्याची पातळी निम्मी व्हायला साधारण दोन तास लागतात. तोवर ते रिसेप्टरांवर रेंगाळतं, आणि सतत चिथावले गेलेले रिसेप्टर बधिर होतात. मग मेंदू त्यांची संख्या वाढवतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा न ओढणाऱ्यांपेक्षा त्यांत असे रिसेप्टर जास्त आढळले. रात्रभर झोपेत निकोटिन उतरतं, बधिर झालेले रिसेप्टर पुन्हा जागे होतात, आणि संख्येने वाढलेले ते सगळे एकदम मागणी करू लागतात. सकाळचा पहिला बार सगळ्यांत गोड लागतो तो यामुळे.

आमच्या कचेरीत एक शिस्त होती. सुटलेल्या चुका दुसऱ्या दिवशी लाल शाईने खुणा करून ज्याच्या त्याच्या टेबलावर येत. त्या पानांकडे नीट पाहिल्यावर मला दिसलं, की माझ्या हातून सुटलेल्या चुका विखुरलेल्या नसत. जिथे मला बराच वेळ उठता आलं नव्हतं, डबी उघडता आली नव्हती, त्या पानांवर त्यांचा घोळका असे. बार भरल्यावर मी तरतरीत होत होतो हे खरं. पण आधीची मंदी आदल्या बारानेच आणलेली होती. शेजारचा सहकारी आयुष्यात कधी तंबाखू न खाता जितकं लक्ष ठेवत होता, तितक्यावर परत येण्यासाठी मला तंबाखू लागत होती. नेहमी खाणाऱ्याला मिळणाऱ्या एकाग्रतेचा बराच मोठा भाग हाच असतो.

मनःस्थितीचंही तसंच. निकोटिन मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन सोडायला लावतं, आणि ‘हे पुन्हा कर’ अशी मोहोर त्या कृतीवर उमटते. मळण्याचा वास, डबीचा आवाज, जेवणानंतरची वेळ, सगळ्यांवर ती उमटते. बार भरल्यावर शांत वाटतं, पण नाडी मोजा: ती वाढलेली असते, रक्तदाबही थोडा चढलेला असतो. शरीर शांत झालेलं नसतं, फक्त तलफेची चिडचिड थांबलेली असते. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला त्यात दिसला. माझा पुतण्या पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो म्हणाला, “काका, चहाबरोबर एक सिगारेट झाली की अभ्यासिकेत चार तास बसता येतं.” मी त्याला सांगितलं, “बाळा, आज बसता येईल. पण काही महिन्यांनी तिच्याशिवाय एक तासही बसता येणार नाही, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सिगारेट नेता येत नाही.” विशीत मेंदूचा पुढचा भाग, जो स्वतःला आवरायचं काम करतो, अजून घडत असतो. त्या वयात ही सवय जास्त खोल रुजते. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी आणि आईवडिलांनी हे मुलांना न ओरडता सांगावं.

आता सोडण्याबद्दल. शेवटच्या बारानंतर काही तासांतच चिडचिड, अस्वस्थता, भूक, झोपमोड सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण असतात, आणि बहुतेकांचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेले रिसेप्टरही काही आठवड्यांत पूर्ववत होत जातात. या काळात वाचलेलं डोक्यात शिरत नाही, नावं आठवत नाहीत, जग विनाकारण वाईट वाटतं. बहुतेक माणसं इथेच हरतात, कारण ही अवस्था म्हणजेच तंबाखूविना आपलं खरं रूप, असं त्यांना वाटतं. तसं नाही. या तीन-चार आठवड्यांवरून स्वतःच्या बुद्धीची आणि स्वभावाची परीक्षा करू नका. त्या दिवसांत मी नोकरीचा राजीनामा लिहिला होता. एका शहाण्या सहकाऱ्याने तो खणात ठेवला आणि म्हणाला, “महिन्याने माग, देतो.” मी मागितला नाही.

म्हणून सोडायची तारीख परीक्षा, लग्नकार्य, हंगाम यांच्या तोंडावर धरू नका. घरच्यांना आधी सांगा. माझी बायको म्हणाली होती, “अहो, तुम्ही ओरडलात तर मी ते तंबाखूचं ओरडणं समजेन.” तिच्या त्या एका वाक्याने आमचं घर सावरलं.

निकोटिनच्या च्युइंगमचा सोडताना उपयोग होतो, पण तो खायची पद्धत हवी. तंबाखूला चुना लागतो, कारण चुन्याच्या अल्कतेमुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं. आम्लाने नेमकं उलटं होतं. म्हणून निकोटिनच्या गमआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत घेऊ नका. तो सतत चघळायचा नसतो. थोडा चावून झणझणला की गालात ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. यातही निकोटिनच आहे, पण तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं त्यात नाहीत. डॉक्टरांकडे व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे. ती त्याच रिसेप्टरांवर बसून त्यांना अर्धवटच चाळवते: तलफ कमी होते, आणि वर तंबाखू खाल्ली तरी पूर्वीची मजा येत नाही. ती मनाने घेऊ नका. पूर्वी नैराश्य आलेलं असेल, फिट येत असतील, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सगळं सांगा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण धुरामुळे काही औषधं यकृतात लवकर संपतात, आणि धूर थांबला की त्यांची रक्तातली पातळी चढते. कॅफिनचंही तसंच होतं. सिगारेट सोडल्यावर पूर्वीइतकीच कॉफी घेतली तर छाती धडधडते, झोप उडते, आणि दोष मात्र सोडण्याला दिला जातो.

मशेरी लावणाऱ्या बायकांचं दुःख कुणी विचारत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ स्त्रियांपैकी १६.६ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होत्या. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं कितीजणी सांगतात. ते खरं आहे, कारण आतड्यांना हलवणाऱ्या मज्जातंतूंवरही हेच रिसेप्टर असतात. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. भरपूर पाणी, भाज्या, भाकरी, सकाळी चालणं, आणि लागलंच तर डॉक्टरांकडून साधं सारक घ्यावं. पोटासाठी म्हणून मशेरीकडे परतू नये.

मध्येच एखादा बार भरला गेला तर सगळं फुकट गेलं असं समजू नका. उरलेली पुडी त्याच क्षणी टाकून द्या आणि पुढे चला. एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. आणि तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर सोडायची तारीख ठरेपर्यंतही थांबू नका, आधी दंतवैद्याला दाखवा.