नाईट आधी, वाटा नंतर

पुण्यात विश्रांतवाडी-धानोरीत खोली घेऊन राहायचं, दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी तालमीला पळायचं, अशी पुष्कळ पोरंपोरी माझ्याकडे येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "काकू, नाटक हाउसफुल्ल जातंय, पण आमची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, आहे तेवढीच. नफ्यात वाटा मागावा का?" मागावा, जरूर मागावा. फक्त कसा मागायचा ते नीट ऐका.

ओशाळू नका. ही काही आजची टूम नाही. १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा तोंडाला रंग लावणारेच मालक होते. तिकडे लंडनमध्ये शेक्सपिअरही आपल्या नाटक कंपनीचा भागीदार होता. न्यूयॉर्कच्या ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाच्या मूळ संचाने तर २०१६ साली नफ्यातला वाटा मिळवला. तालमींत नाटक घडवायला आमचाही हात लागलाय, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. तुम्हीही तालमीत भूमिका घडवता. तेच तुमच्या मागणीचं कारण आहे.

नाईट सोडून वाटा घेऊ नका. "नाईट राहू दे, नफ्यात बघू" असं कोणी म्हटलं तर हात जोडा. गंधर्व मंडळीचंच बघा : टेंबे-बोडस पुढे तिच्यातून बाहेर पडले, कर्ज वाढत गेलं, आणि ते फेडायचा भार बालगंधर्वांच्या एकट्याच्या माथी आला. मालकी घेतली की तोटाही आपलाच. तुमचं घरभाडं महिन्याच्या महिन्याला जातं. म्हणून ठरलेली नाईट आधी, वाटा तिच्यावर. तोट्यात तुमचा भाग नाही, हेही कागदावर हवं.

नफा कशाला म्हणायचं ते लिहून घ्या. समजा, एका प्रयोगाचं बुकिंग दीड लाख झालं. थिएटरचं भाडं, जाहिरात, सेटचा टेम्पो, बस, लाइट-साउंड, सगळ्यांच्या नाईट, लेखक-दिग्दर्शकाचं मानधन मिळून एक लाख वीस हजार गेले. उरले तीस हजार. पण नाटक उभं करायला निर्मात्याने पदरचे बारा लाख घातले असतील, तर ते फिटायलाच असे चाळीस प्रयोग लागतील. म्हणून दोनपैकी एक ठरवा : पहिल्या प्रयोगापासून लहान वाटा, की एक्केचाळिसाव्यापासून मोठा. ठोक रकमेला विकलेल्या प्रयोगाची रक्कमही हिशेबात येऊ द्या. आणि निर्मात्याच्या ऑफिसचा खर्च नाटकावर किती टाकायचा, याची मर्यादा आधीच बांधा, नाहीतर हाउसफुल्लचा बोर्ड लागूनही कागदावर नफा कधी दिसणारच नाही.

पडद्यामागच्यांना विसरू नका. सेट लावणारा दुपारपासून राबतो आणि सगळे घरी गेल्यावर तोच सेट टेम्पोत भरतो. कपडेपट, मेकअप, लाइट सांभाळणाऱ्यांचा हिस्सा तुमच्याच मागणीत हवा. गाण्याच्या पार्टीतही तेच. आपल्याकडे भीमजयंतीच्या कार्यक्रमात लोक उठून गाणाऱ्याच्या हातात नोटा ठेवतात. ते बक्षीस गायकाचं एकट्याचं, की ढोलकी, हार्मोनियम आणि कोरसचंही, हे पार्टीने सुपारी घेतानाच ठरवावं. स्टेजवरून उतरल्यावर काढलेल्या विषयातून पार्ट्या फुटतात.

उचल म्हणजे वाटा नव्हे. तमाशात फडमालक हंगामाआधी उचल देतो आणि कलावंत हंगामभर त्या फडाशी बांधला जातो. ते पुढच्या कामाचेच पैसे. आज नाटकात, ऑर्केस्ट्रात कोणी आगाऊ रक्कम दिली, तर तारीख, रक्कम आणि फिटलेले प्रयोग स्वतःच्या वहीत लिहा. दुसऱ्याच्या वहीवर विसंबू नका.

चित्रीकरणाचं कलम वेगळं करा. प्रयोग रेकॉर्ड करून कुठे दाखवणार असतील, तर त्याचा हिशेब नाईटमध्ये गुंडाळू देऊ नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने, कलाविष्काराचा व्यापारी वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क दिला आहे. नट, गायक, वादक, नर्तक सगळे त्यात येतात. सही करण्याआधी ते पान दोनदा वाचा.

सगळ्यांनी मिळून, वेळेवर मागा. नाटक चालल्यावर एकट्याने मागितलं तर तुमच्या जागी दुसरा येतो. पहिल्या तालमीआधी संचातल्या दोघांना पुढे करा आणि दर महिन्याला हिशेब बघायचा हक्क मागा. निर्मात्याशी भांडायला जाऊ नका. पडेल नाटकाचा मार तोही खातो, आणि नाटक चाललं तरच वाटा आहे. पण हिशेब दाखवायला तो तयार नसेल, तर वाट्याचा आकडा कितीही मोठा असो, त्यावर भुलू नका. सरळ नाईट वाढवून मागा आणि ती प्रयोग संपल्याबरोबर घ्या.