शाळागृह आणि परसबाग : धीर कोठे, त्वरा कोठे?

शाळेच्या मालमत्तेची देखभाल हा मुख्याध्यापकाच्या नित्य कर्तव्याचा भाग होय. तथापि कोणत्या दोषाकडे तत्काळ लक्ष द्यावे व कोणत्या बाबतीत काही दिवस थांबून पाहावे, याचा विचार पद्धतशीरपणे क्वचितच केला जातो. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

शाळाभेटींत एक विसंगती वारंवार आढळते. पपईचे पान दुपारी मलूल दिसताच मुलांकरवी तिच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतले जाते. उलट वर्गाच्या भिंतीतील भेग वर्षानुवर्षे समोर असूनही तिच्याविषयी कोणी बोलत नाही. रोज दिसणारी भेग नजरेच्या सवयीची होऊन जाते. रोपे पुष्कळदा उतावळेपणाने मरतात आणि इमारती विलंबाने पडतात, हे ध्यानात ठेवावे.

निर्णयाची कसोटी एकच आहे : हा दोष महिनाभर तसाच राहिला, तर हानी कोणाची होईल? हानी केवळ त्या रोपाची किंवा वस्तूची असेल, तर थांबून पाहता येते. ती इतरांपर्यंत पोहोचणार असेल, तर थांबता येत नाही.

१. परसबागेतील रोपे

दुधी भोपळा, पपई यांची पाने भर दुपारी लोंबतात व सायंकाळी पुन्हा ताठ होतात. मुळे जेवढे पाणी शोषतात त्याहून अधिक पाणी उन्हात पानांवाटे उडून जाते, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी काहीही करू नये. मात्र पहाटेही पाने मलूल असतील तर मातीत दोन बोटे खोल घालून पाहावे. माती कोरडी असल्यास पाणी द्यावे. ती ओली असल्यास मुळे गुदमरत आहेत असे समजून पाणी थांबवावे व निचऱ्यासाठी चर काढावा.

लिंबाच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर बहुधा लोहाची उणीव असते. चुनखडीच्या जमिनीत हे विशेष दिसते. जुनी पाने सरसकट फिकी पडू लागली तर नत्राची उणीव संभवते व कुजलेले शेणखत उपयोगी पडते. सीताफळाची पाने हिवाळ्याच्या अखेरीस गळतात, म्हणून ते झाड वाळले असे मानून उपटू नये. शंका असल्यास फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचे जाळे दिसले, म्हणजे केवडा रोग झाला, तर ते रोप त्याच दिवशी उपटून नष्ट करावे. या रोगावर उपाय नाही आणि पांढरी माशी तो शेजारच्या रोपांवर नेते. येथे एका रोपाविषयीची दया सगळ्या वाफ्याला महाग पडते.

२. शाळागृह

गिलाव्यातील केसासारख्या बारीक रेघा सामान्यतः निरुपद्रवी असतात. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी, वाढत जाणारी, अथवा जिच्यात पेन्सिलीचे टोक शिरते अशी भेग मात्र गंभीर समजावी. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढून तारीख लिहावी. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, म्हणून मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत पाहणी करावी. रेघेपलीकडे भेग गेली, तर भिंत अजून हलत आहे.

स्लॅबवर तांबूस डाग, निघणाऱ्या खपल्या किंवा उघड्या पडलेल्या सळया दिसल्या, तर ते अधिक चिंतेचे आहे. लोखंड गंजले की अधिक जागा व्यापते व भोवतालचे काँक्रीट फोडते. त्यावर नुसता गिलावा चढविल्यास दोष झाकला जातो, दूर होत नाही. कौलारू इमारतीत वासे व तुळया यांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत काय, हे पाहावे. भिंतीत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच मुळासकट काढावा. वरून छाटल्यास तो पुन्हा फुटतो आणि मूळ भिंत फाडीत जाते.

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात २५ जुलै २०२५ रोजी ऐन पावसाळ्यात एका सरकारी शाळेच्या इमारतीचा भाग कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. ही घटना प्रत्येक शिक्षकाने स्मरणात ठेवावी. “सर, वरून माती पडते,” असे एखादे मूल सांगू लागले, तर त्याला गप्प बसवू नये. धडा थांबवून वर पाहावे.

छताविषयी शंका येताच मुलांना त्या खोलीतून हलवावे. खोलीचे निर्लेखन करणे वरिष्ठांच्या अधिकारातील आहे. पण तेथे मुले न बसविणे मुख्याध्यापकाच्या हातचे आहे. “दोनच खोल्या, चार वर्ग, मुले बसवावयाची कोठे?” ही अडचण खरी आहे. तथापि ओसरीवर किंवा समाजमंदिरात दाटीने बसण्याची गैरसोय पुढे भरून काढता येते. दुसरी हानी भरून येत नाही.

यानंतर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून ग्रामपंचायत व गटशिक्षणाधिकारी यांना लेखी कळवावे, शाखा अभियंत्याकडून पाहणीची मागणी करावी आणि पत्राची पोचप्रत जपून ठेवावी. तोंडी सांगितलेली गोष्ट बदलीबरोबर निघून जाते. लेखी नोंद पुढील मुख्याध्यापकालाही उपयोगी पडते.

३. वर्गातील उपयोग

रोपांची रोजची पाहणी तिसरी-चौथीच्या मुलांकडे अवश्य सोपवावी. पाहिलेले लिहिणे व कारण शोधणे हा परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ आहे. इमारतीची तपासणी मात्र शिक्षकांनीच करावी. मुलांना छतावर वा पडक्या भिंतीजवळ पाठवू नये.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

(१) आपल्या शाळेतील दहा दोषांची यादी करून त्यांची ‘आजच’, ‘या महिन्यात’ व ‘थांबून पाहणे’ अशी विभागणी करा.
(२) ‘आजच’ या गटातील प्रत्येक दोषापुढे तो प्रथम केव्हा दिसला ते लिहा. मध्ये गेलेला काळ मोजा व त्याचे कारण केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडा.